पिण्याच्या पाण्याचे काम मानवी हक्कांच्या तत्त्वांनुसार कसे करावे : ग्रामीण भागातील संस्थांसाठी मार्गदर्शन

ग्रामीण महाराष्ट्रात काम करणाऱ्या अनेक स्वयंसेवी संस्थांचे गावातील पहिले पाऊल पाण्याच्या कामानेच पडते. विहिरीतील गाळ काढणे, बंद पडलेला हातपंप दुरुस्त करणे, डोंगरातील झरा बांधून त्याचे पाणी पाड्यापर्यंत आणणे ही कामे डोळ्यांना दिसतात, देणगीदारांना दाखवता येतात आणि त्यातून गावाचा विश्वासही लवकर मिळतो. मानवी हक्क हा विषय मात्र त्याच संस्थांच्या कार्यालयात बहुधा १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाच्या कार्यक्रमापुरता येतो आणि ११ तारखेला पुन्हा पाइपांच्या बिलांचे काम सुरू होते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे गृहीत धरून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. त्यासाठी पिण्याचे पाणी हे एकच काम घेतले आहे, कारण हक्कांची तत्त्वे सर्वसाधारण भाषेत सांगितली की ती सर्वांना पटतात आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत.

योजना आणि हक्क यांतील फरक

पाण्याकडे योजना म्हणून पाहिले, तर शेवटी विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : किती नळ बसले? त्याच पाण्याकडे हक्क म्हणून पाहिले, तर तीन प्रश्न विचारावे लागतात. पाणी कोणाला मिळालेले नाही, ते मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची होती, आणि ती पार पाडली गेली नाही तर त्याची दाद कोणाकडे मागायची? पहिल्या पद्धतीत गावकरी ‘लाभार्थी’ असतो आणि संस्था किंवा शासन देणारे असते. दुसऱ्या पद्धतीत गावकरी हक्कदार असतो आणि देणारा उत्तरदायी असतो. अहवालातील ‘लाभार्थी’ हा शब्द खोडून त्या जागी ‘हक्कदार’ लिहिल्याने काही बदलत नाही. बदल होतो तो वरील तीन प्रश्नांची उत्तरे कामाच्या आखणीतच शोधली जातात तेव्हा.

हा फरक महाराष्ट्राला नवा नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचा समुदाय तळ्यावर जाऊन पाणी प्याला, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले, आणि न्यायालयातील वाद मिटून त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल येण्यासाठी मार्च १९३७ उजाडला. महाडला पाण्याची टंचाई नव्हती. तळे होते, त्यात पाणी होते आणि कागदावर ठरावही होता. अडथळा होता तो माणसांनी माणसांना तळ्यापासून दूर ठेवण्याचा. गावात जाताना संस्थेने ही गोष्ट लक्षात ठेवली, तर केवळ लिटर आणि मीटर मोजून ती परत येणार नाही.

कायदेशीर आधार थोडक्यात माहीत असावा. पाण्याच्या हक्कासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाण्याचा समावेश होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात म्हटले आहे. अनुच्छेद १५ (२) नुसार विहिरी, तलाव, स्नानघाट अशा सार्वजनिक ठिकाणांच्या वापरावर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून निर्बंध घालता येत नाहीत. मुंबईतील अनधिकृत झोपड्यांना पाणी नाकारले जात होते, त्याविरुद्ध पाणी हक्क समितीने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला आणि घर अनधिकृत आहे एवढ्या कारणाने तेथे राहणाऱ्यांचे पाणी पूर्णपणे तोडता येणार नाही, असे स्पष्ट केले. हा निकाल शहरातला असला तरी गायरानावरील वस्तीला ‘घर नोंदलेले नाही, म्हणून नळ नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याचा दाखला जरूर द्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. त्याआधी २००२ मध्ये, भारताने १९७९ साली स्वीकारलेल्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या कराराचा अर्थ लावताना, संबंधित समितीने पाण्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या होत्या : पुरेशी उपलब्धता, सुरक्षित दर्जा आणि पोहोच. पोहोच याचा अर्थ केवळ अंतर नव्हे. पाणी शरीराने गाठता आले पाहिजे, खर्चाने परवडले पाहिजे, भेदभावाविना मिळाले पाहिजे आणि त्याविषयीची माहितीही मिळाली पाहिजे.

पाहणी शेवटच्या घरापासून सुरू करावी

संपूर्ण कामाचा पाया पाहणीत असतो आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात, म्हणून या टप्प्याला घाईने उरकू नये. पाहणी सरपंचांच्या ओसरीवर बसून करू नये. गावाच्या यादीत जे घर सर्वांत शेवटी येते, किंवा यादीत येतच नाही, तेथून सुरुवात करावी आणि मग गावठाणाकडे यावे. वेळ पहाटेची, पाणी भरण्याची निवडावी आणि महिना एप्रिल किंवा मे असावा. दिवाळीच्या सुमारास पाहणी केली तर प्रत्येक आडाला पाणी असते आणि प्रत्येक गाव सुखी दिसते.

हिवाळ्यातील पाहणीत आणखी एक दोष असतो, जो आकड्यांत कधीच दिसत नाही. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या घरांना कुलूप असताना झालेल्या पाहणीत ती घरे ‘बंद’ म्हणून नोंदली जातात, त्यांच्या वाट्याचा नळ अंदाजपत्रकात येत नाही, आणि ते परततात ते नेमके टंचाईच्या महिन्यांत. वीटभट्टीवरील कुटुंबे, मेंढपाळ, गायरानावरील पारधी वस्ती आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या घरनोंदीत नाव नसलेली कुटुंबे यांचीही गत वेगळी नसते. सासरच्या घरातच वेगळी चूल मांडलेली विधवा स्त्री तर घरांच्या यादीतून हमखास सुटते, कारण तिचे घर दिराच्या नावावर असते. म्हणून ग्रामपंचायतीची यादी हाताशी घ्यावी, पण ती पाहणीचा आधार नव्हे तर तपासणीचा विषय समजावी.

प्रश्न कसे विचारले जातात, यावर उत्तर अवलंबून असते. ‘तुमच्या गावात पाण्यावरून भेदभाव होतो का?’ असे विचारल्यास सवर्ण वस्तीत आणि दलित वस्तीत, दोन्हीकडे, ‘नाही’ असेच उत्तर मिळते; एकीकडे संकोचामुळे आणि दुसरीकडे भीतीमुळे. त्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत. व्हॉल्व्ह कोण फिरवतो, कोणत्या आळीला किती वाजता पाणी सुटते, कोणत्या आळीला रात्री सुटते, रांगेत कोणाचा हंडा पुढे असतो, विहिरीवर कोण स्वतः पोहरा टाकतो आणि कोणाला वाढून घ्यावे लागते, आजारपणात कोण पाणी आणते, शाळेतील पाण्याच्या टाकीला कोणती मुले हात लावतात. अशा पंधरा-वीस प्रश्नांच्या उत्तरांतून गावाचा खरा नकाशा समोर येतो. स्त्रियांशी स्वतंत्रपणे आणि शक्यतो स्त्री कार्यकर्त्यांनीच बोलावे. पाणी आणते ती बाई, पण पाहुण्यांसमोर पाण्याविषयी बोलतो तो पुरुष, ही परिस्थिती अजून पुष्कळ गावांत आहे. अपंग आणि वृद्ध व्यक्तींच्या घरी जाऊन नळाची उंची, ओट्याची पायरी आणि वाटेतील उतार प्रत्यक्ष पाहावा.

येथे स्वतःची एक चूक सांगणे आवश्यक वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका गावात हातपंप बसवला. जागा गावातील पुढाऱ्याने दिली, ती देवळाला लागून होती, पाणीही चांगले लागले आणि आमच्या अहवालात ते गाव ‘शंभर टक्के’ झाले. दोन वर्षांनंतर मे महिन्यात सहज गेलो असता, खालच्या वस्तीतील बाया हातपंपासमोरून दूरच्या ओढ्याकडे जाताना दिसल्या. त्यांना कोणी हाकलून दिले नव्हते. देवळाच्या पारावर पुरुष बसलेले असत आणि हंडा ठेवला की कोणीतरी काहीतरी बोले, एवढेच. जागा निवडताना त्या वस्तीतील एकाही स्त्रीला आम्ही विचारले नव्हते. पाणी उपलब्ध होते, दर्जाही चांगला होता. पोहोच नव्हती, आणि ती नसण्याला आम्हीच कारणीभूत होतो.

पाहणीतील माहिती कुटुंबनिहाय असली तरी ती कोणाला, किती दाखवायची, हे आधी ठरवावे. कोणी काय सांगितले हे गावासमोर जाता कामा नये. सभेत मांडायची ती आळीनिहाय किंवा वस्तीनिहाय माहिती. ज्यांनी माहिती दिली, त्यांना ती प्रथम वाचून दाखवावी आणि चुकीची असल्यास दुरुस्त करू द्यावी.

कोण कोणाला बांधील आहे

पाहणीनंतर एका मोठ्या कागदावर जबाबदाऱ्यांचा नकाशा तयार करावा आणि तो वस्तीतील लोकांबरोबरच तयार करावा. रोजचा पाणीपुरवठा, टाकीची स्वच्छता आणि पाण्यात टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर टाकणे हे ग्रामपंचायतीचे काम असून त्यासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो. गावातील योजनेचे नियोजन आणि देखभाल पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने करायची असते. तांत्रिक मंजुरी आणि कामाची देखरेख जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे असते. उद्भवाविषयीचा, म्हणजे पाण्याच्या स्रोताविषयीचा, सल्ला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा देते. टंचाईत टँकरची मागणी तालुका स्तरावर करावी लागते. पाणवठ्यावर जातीवरून अडवणूक झाली, तर जबाबदारी पोलिसांकडे येते, कारण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. हा कागद तयार होत असताना लोकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसते, कारण एरवी ‘सरकार’ या एका शब्दात मावणारी गोष्ट आता पाच-सहा टेबलांत विभागलेली आणि म्हणून गाठता येण्याजोगी दिसू लागते.

या नकाशात संस्थेची जागा कोठे आहे, हेही लिहावे. संस्था शासनाच्या जागी उभी राहिली की लोकांचे पाणी येते, पण त्यांचा हक्क मागे पडतो; संस्थेचा निधी संपला की पाणीही थांबते आणि तोपर्यंत मागणी करण्याची सवयही मोडलेली असते. याचा अर्थ तहानलेल्या वस्तीला टँकर देऊ नये, असा मुळीच नाही. टँकर द्यावा, मात्र त्याच दिवशी वस्तीच्या सह्यांचे मागणीपत्र तालुक्याच्या कार्यालयात देऊन त्याची पोच घ्यावी, आणि आपण किती दिवसांपुरता टँकर देत आहोत हे त्यात लिहावे.

निर्णयात सहभाग

सहभाग याचा अर्थ सभेला गर्दी होणे असा घेतला जातो. खरा सहभाग ओळखण्याची एक सोपी खूण आहे : सभेमुळे आराखड्यातील निदान एखादी गोष्ट बदलली का? टाकीची जागा, पाइपाचा मार्ग किंवा पाणी सोडण्याची वेळ यांपैकी काहीच बदलले नसेल, तर ती माहिती देण्याची सभा होती, निर्णयाची नव्हे.

ग्रामसभेपूर्वी प्रत्येक वस्तीत छोट्या बैठका घ्याव्यात. त्या संध्याकाळी, कामावरून लोक परतल्यानंतर असाव्यात आणि त्यांच्या भाषेत असाव्यात; मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडीत किंवा सातपुड्यात पावरीत बोलणारा कार्यकर्ता नसेल, तर वस्तीतीलच एखाद्या तरुणीला दुभाषी म्हणून मानधन देऊन घ्यावे. बैठकीत ठरलेले मुद्दे तेथेच लिहून वाचून दाखवावेत आणि ग्रामसभेत ते कोण मांडणार हे ठरवावे. संस्थेच्या कार्यकर्त्याने ते मांडू नयेत. मुद्दे अडखळत मांडले गेले तरी चालतील, पण ज्याचा हंडा रिकामा आहे त्याने किंवा तिने ते मांडले पाहिजेत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा होणे आवश्यक आहे. ती अनेकदा कागदावरच होते. रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या आणि अंगठे घेतले जातात. म्हणून सभेची सूचना कधी निघाली, दवंडी कोणत्या वस्त्यांत दिली गेली आणि इतिवृत्तात काय लिहिले गेले, हे तपासावे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात आणि दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात स्थान असावे, असे म्हटले आहे. संख्या पूर्ण होते, पण अध्यक्षा असलेल्या बाईंना बँकेच्या खात्यावरील शिल्लक ठाऊक नसते आणि धनादेशावर सही कशासाठी केली तेही ठाऊक नसते. समितीतील स्त्रियांना अंदाजपत्रक वाचणे, पाइपाचा व्यास आणि खोदाईची खोली मोजणे, पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणारी ओटी चाचणी घेणे हे प्रत्यक्ष शिकवावे. भाषणांपेक्षा हातात मोजपट्टी असलेली बाई ठेकेदाराच्या अधिक लक्षात राहते.

पैसा, वर्गणी आणि श्रमदान

लोकवर्गणीमुळे आपलेपणा वाढतो, हे खरे आहे; पण वर्गणी ही गाळणीही ठरते. जल जीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामाच्या खर्चापैकी डोंगराळ भागांत आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के, तर इतरत्र १० टक्के लोकसहभाग अपेक्षित धरलेला होता. ही रक्कम प्रत्येक घरावर सारखी वाटली की दोन एकर बागाईत असणारा आणि रोजंदारीवर जगणारा एकाच रांगेत उभे राहतात आणि दुसरा रांगेतून बाहेर पडतो. जमीन, व्यवसाय आणि घराची स्थिती पाहून वर्गणीचे दोन-तीन स्तर ग्रामसभेतच ठरवून घ्यावेत. पाणीपट्टी थकली म्हणून नळ तोडण्याऐवजी हप्ते, सवलत किंवा माफी यांचा ठराव आधीच असावा. पाणीपट्टी न भरणाऱ्यांत गरीब किती आणि ऐपत असूनही न भरणारे किती, हे एकदा वेगळे काढून पाहिले की पुष्कळ गैरसमज दूर होतात.

श्रमदानाविषयी आपण सारे फार भावुक असतो. कोण खोदतो आणि कोणाला पाणी मिळते, हे दोन प्रश्न शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. ज्यांना एका दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही, त्यांच्याकडून ‘गावाच्या कामासाठी’ फुकट श्रम घेणे हे वेठबिगारीपासून फार दूर नसते. त्यांना मजुरी द्यावी आणि तीही किमान वेतनापेक्षा कमी नसावी.

माहिती उघड्यावर ठेवावी

कामाच्या जागी एक फलक लावावा आणि त्यावर एकूण खर्च, ठेकेदार, कामाची मुदत, पाइपाची लांबी व व्यास, खोदाईची खोली, तसेच तक्रार कोठे करायची हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे. अंदाजपत्रक मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. महाराष्ट्रात अर्जासाठी १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या मर्यादेत असावा लागतो, माहिती ३० दिवसांत मिळायला हवी आणि न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, ही गोष्ट फार कमी लोक वापरतात. पाइप मातीखाली जाण्यापूर्वी तो तपासण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

अर्ज कोणी करायचा, हा प्रश्न मात्र जपून सोडवावा. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. माहिती मागणे हे महाराष्ट्रातही धोक्याचे असू शकते, याची ती आठवण आहे. वस्तीतील एकट्या माणसाच्या नावाने अर्ज करायला लावून संस्थेने मागे राहू नये. संस्थेच्या पदाधिकाऱ्याने स्वतः अर्ज करावा, किंवा अनेकांनी वेगवेगळे अर्ज एकाच दिवशी करावेत.

पाण्याच्या दर्जाची माहितीही याच सदरात येते. महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळी आणि हिरवी कार्डे दिली जातात. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले आहे, हे ग्रामपंचायतीच्या कपाटात नव्हे तर भिंतीवर असले पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील फ्लोराइडग्रस्त गावांत रासायनिक तपासणीचा अहवाल लोकांना समजेल अशा शब्दांत सांगणे विशेष गरजेचे आहे. मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालते.

भेदभाव समोर आला तर

सर्वांत अवघड प्रसंग हाच असतो आणि येथेच संस्था सर्वाधिक पळवाटा काढतात. ‘गावात तेढ नको’ असे म्हणून दलित किंवा पारधी वस्तीसाठी वेगळा हातपंप बसवण्याचा सल्ला दिला जातो. घराजवळ नळ असणे ही सोय आहे आणि ती प्रत्येक वस्तीला मिळायलाच हवी. परंतु सार्वजनिक विहिरीवर येऊ दिले जात नाही म्हणून वेगळी सोय करायची असेल, तर संस्थेने अस्पृश्यतेला सिमेंटचा ओटा बांधून दिल्यासारखे होते. माझे मत असे की दोन्ही गोष्टी एकत्र कराव्यात : वस्तीत नळ द्यावा आणि सार्वजनिक पाणवठा सर्वांना खुला असल्याचा ग्रामसभेचा ठराव त्याच योजनेचा भाग म्हणून, नळ सुरू होण्यापूर्वी करून घ्यावा.

पुढे किती जायचे, याचा निर्णय वस्तीचाच असला पाहिजे. तक्रार केल्यानंतर गावात कोणाला राहायचे आहे, कोणाच्या शेतावर मजुरीला जायचे आहे आणि दळण कोणाच्या गिरणीवर न्यायचे आहे, हे संस्थेच्या कार्यकर्त्याला सोसावे लागत नाही. त्यांना पर्याय आणि त्यांचे परिणाम पूर्णपणे सांगावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, ही माहिती द्यावी. जात पंचायतीने किंवा समाजाने कुटुंबाला वाळीत टाकले असेल, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे. वस्तीने ‘आत्ता नको’ म्हटले, तर तो नकार मान्य करावा. मात्र घडलेल्या गोष्टींची तारीखवार नोंद, त्यांच्या संमतीने, सुरक्षित ठेवावी. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचे असल्यास घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, हेही तेव्हाच सांगून ठेवावे.

तक्रारीची वाट

तक्रार पेटी भिंतीवर लटकवून तक्रार निवारण होत नाही. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची तोंडी तक्रार लिहून घेणारी व्यक्ती प्रत्येक वस्तीत असावी, तक्रारीला क्रमांक आणि तारीख असावी आणि किती दिवसांत उत्तर मिळेल हे ठरलेले असावे. पहिली पायरी पाणी समिती, दुसरी ग्रामपंचायत, तिसरी गटविकास अधिकारी आणि त्यानंतर जिल्हा परिषद, असा क्रम लोकांना पाठ व्हावा. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार करता येते, पण ती करणाऱ्याला मिळालेला नोंदणी क्रमांक वहीत लिहून घेण्याची शिस्त लावावी लागते.

संस्थेने स्वतःला त्याच मापाने मोजावे

ज्या संस्थेच्या कार्यालयात नियुक्तिपत्रे नाहीत, तिने गावात जाऊन हक्कांविषयी बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. ती नुसती स्थापन न होता तिच्या सदस्यांची नावे गावपातळीवरील कार्यकर्तीलाही माहीत असावीत. विश्वस्त मंडळात आणि वरिष्ठ पदांवर कोणत्या समाजांतील माणसे आहेत आणि क्षेत्रीय कामात कोणत्या समाजांतील, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. तो कागद बहुधा अस्वस्थ करतो.

गावातील फलकावर ठेकेदाराचा हिशेब लिहिला जातो, त्याच्या शेजारी संस्थेने या गावासाठी किती निधी घेतला आणि तो कशावर खर्च केला, हेही लिहावे, त्यात पगार आणि प्रवासखर्चही यावा. संस्थेविरुद्धची तक्रार संस्थेच्याच प्रकल्प समन्वयकाकडे जाऊ नये. ती विश्वस्तांपैकी एखाद्याकडे किंवा संस्थेबाहेरील व्यक्तीकडे जाण्याची सोय असावी. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचे किंवा उघड्या अंगाने पाण्यात खेळणाऱ्या मुलांचे छायाचित्र देणगीपत्रकावर छापण्यापूर्वी ते पत्रक त्यांना दाखवून विचारावे. ‘असा फोटो तुमच्या मुलीचा चालेल का?’ हा प्रश्न संपर्क विभागाला विचारला की निम्मी छायाचित्रे आपोआप गळतात.

काम झाल्यावर काय मोजावे

नळांची संख्या शासन मोजतेच. संस्थेने मोजायचे ते वेगळे : उताराच्या शेवटच्या घरी मे महिन्यात माणशी किती लिटर पाणी पोहोचले, कारण मिशनचे प्रमाण दररोज ५५ लिटर आहे, पाणी भरण्यात स्त्रियांचा आणि मुलींचा किती वेळ गेला, नोंदलेल्या तक्रारींपैकी किती सुटल्या आणि त्या कोणत्या वस्तीच्या होत्या. सरासरी काढू नये, कारण गावठाणातील चोवीस तासांचे पाणी आणि पाड्यावरील अर्ध्या तासाचे पाणी यांची सरासरी दोघांविषयीही खोटे सांगते.

पाहणीची वही तीन प्रतींत ठेवावी : एक ग्रामपंचायतीत, एक संस्थेत आणि एक त्या वस्तीत, जिच्यापासून पाहणी सुरू झाली होती. पुढील वर्षी त्याच महिन्यात, त्याच पहाटेच्या वेळी, त्याच शेवटच्या घरापासून पुन्हा निघावे आणि वस्तीतील प्रतीवर नव्या नोंदी त्या घरातील बाईच्या हातूनच करून घ्याव्यात. तिला लिहिता येत नसेल तर तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावे, आणि नोंदी वाचून दाखवल्यानंतर आईने अंगठा द्यावा.